तुम्ही विचारलंत म्हणून: विंडोज उडेल का?

लग्नपत्रिकेचं मॅटर घेऊन आलेला माणूस शेजारी बसतो, मी कॉम्प्युटर चालू करते, काळ्या पडद्यावर विंडोज आणि लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी सिस्टिम) अशी दोन नावं उमटतात आणि ठरलेला प्रश्न येतो. "वहिनी, दोन-दोन सिस्टिम कशाला? आणि आम्ही लिनक्स टाकलं तर आमचं विंडोज उडेल का?"

उडू शकतं. माझं एकदा उडालंय.

२०१२ची गोष्ट. नवा उत्साह, हाताशी उबुंटू नावाच्या लिनक्सची सीडी. बसवताना एक पडदा येतो, त्यात विचारतात: विंडोजच्या शेजारी बसवू, की डिस्क पुसून बसवू? घाईत मी दुसऱ्यावर टिचकी मारली. 'खात्री आहे ना?' यालाही हो म्हटलं. एका गावच्या यात्रेची ४८ पानी स्मरणिका त्यात होती, प्रूफं तपासून झालेली. कॉपी कुठेच नाही. लाल पेनाच्या खुणांचे प्रिंट तेवढे रद्दीत गेले नव्हते. धाकटी जाऊ वाचून दाखवायची, मी टाइप करायची, अशा पाच रात्री काढल्या. तिने त्याचा उल्लेख आजही सोडलेला नाही.

तरी परत दोन सिस्टिम का? कारण आहे श्रीलिपी, म्हणजे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर. माझं पंधरा-वीस वर्षांचं काम त्या फॉन्टांत आहे, आणि ते युनिकोड नाहीत, म्हणजे कुठल्याही मशीनवर आपोआप दिसणारी अक्षरं नाहीत. फॉन्टशिवाय फाइल उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा कचरा दिसतो. माझ्याकडची श्रीलिपी आणि पानं लावायचा पेजमेकर, दोन्ही विंडोजसाठीची. ते सोडणं म्हणजे धंदा सोडणं.

दुसरीकडे, माझं मशीन सहाव्या पिढीचं आय-थ्री. विंडोज ११ला आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो. विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले. वाढीव मुदत मिळते, पण तीही थोड्याच काळाची. अशा मशीनवरून बँकेचं काम करायला माझं मन धजेना. मग वाटणी केली. विंडोजचं इंटरनेट तोडलं, ते फक्त टायपिंगला. बँक, मेल, व्हॉट्सॲपवर आलेलं मॅटर, सगळं लिनक्स मिंट २२वर (हाही लिनक्सचाच एक प्रकार). त्याचे अपडेट २०२९पर्यंत येणार आहेत आणि ते फुकट आहे. आलेलं मॅटर मिंटमधून विंडोजच्याच डी ड्राइव्हवर टाकते. उलटं जमत नाही. मिंटचा कप्पा विंडोजला दिसतच नाही.

मिंटसाठी डिस्कवर जागा करताना मात्र घाम निघाला. सी ड्राइव्हवर नव्वद जीबी मोकळी, पण विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून तो कप्पा लहान करायला गेले तर ते एकोणीसच सोडायला तयार. मधेच काही फाइली ठाण मांडून बसलेल्या असतात, त्या हलत नाहीत. हायबरनेशन (चालू काम डिस्कवर ठेवून झोपायची सोय) बंद केलं, पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) तात्पुरती काढली, मशीन एकदा बंद-चालू केलं, तेव्हा साठ मिळाले. हायबरनेशन गेल्याचा आणखी एक फायदा झाला. एरवी विंडोज शट डाउन करूनही अर्धवट जागंच राहतं, आणि मग त्याचे ड्राइव्ह मिंटमध्ये वाचता येतात, पण त्यांवर लिहिता येत नाही.

हे सगळं निस्तरलं, तर घड्याळ बिघडलं. रात्री साडेनऊला पत्रिका संपवायला बसले, विंडोजच्या कोपऱ्यात दुपारचे चार! दुरुस्तीवाला मुलगा म्हणाला, "काकू, मदरबोर्डचा सेल गेलाय." सेल बदलला. दुसऱ्या दिवशी तेच. सेल गेला तर वेळ कशीही भरकटेल, दर वेळी बरोबर साडेपाचच तास कशी मागे पडेल? साडेपाच म्हटल्यावर माझी ट्यूब पेटली. आपण ग्रीनविचच्या तेवढेच पुढे. मशीनच्या घड्याळात मिंट ग्रीनविचची वेळ लिहितं, विंडोज तीच भारतातली समजून वाचतं. इंटरनेट असतं तर ते स्वतःच सुधारलं असतं, पण ते तर मीच तोडलेलं. मिंटला एका ओळीची आज्ञा देऊन स्थानिक वेळ लिहायला लावली आणि प्रश्न मिटला. सेलचे पैसे गेले ते गेलेच.

रोजचा जाच एवढाच, की इकडून तिकडे जायला मशीन बंद-चालू करावं लागतं. त्या काळ्या पडद्याला ग्रब म्हणतात. तो दहा सेकंद वाट बघतो आणि आपणहून मिंटमध्ये शिरतो. आमचे हे चहाचा कप आणायला उठतात, परत येतात आणि ओरडतात, "अगं, पेजमेकर कुठे गेला?"

तुमचा लॅपटॉप नवा असेल तर आणखी एक बघा. त्यात बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय, चालू असू शकतं. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, काही बदललं की ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं, आणि ती नसेल तर सगळं डोळ्यांसमोर असून कुलपात. ती आधी कागदावर उतरवून घ्या. आणि ज्यांचं सगळं काम ब्राउझर आणि व्हॉट्सॲपवरच चालतं, त्यांनी दोन सिस्टिमच्या भानगडीत पडूच नये, एकच ठेवावी.

मिंटचा बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून मशीन चालू करून मिंट बसवता येतं तो, माझ्याकडे तयार आहे. शनिवारी दुपारी या. येताना रिकामी हार्ड डिस्क घेऊन या, आधी तुमचे फोटो नि फाइली तिच्यावर उतरवू. ती नसेल तर मी हात लावणार नाही.