धुणं दुपारी एकनंतर

खराडीतल्या एका ऑफिसात बसून मी युक्रेनमधले सोलर इन्व्हर्टर बघतो, म्हणजे पॅनलची वीज वापरण्याजोगी करणारी यंत्रं. युरोपातल्या एका कंपनीचा सर्व्हिस डेस्क आहे. नातेवाइकांना ते कस्टमर केअर वाटतं. प्रत्यक्षात स्क्रीनवर प्रत्येक फेजचं व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, बॅटरी किती भरली हे सगळं दिसतं आणि बरीच सेटिंग इथूनच बदलता येतात. युक्रेनची यादी माझ्या वाट्याला आली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. माणूस टेलिग्रामवर बोलता बोलता 'त्रिवोहा' एवढंच लिहून तळघरात निघून जातो. हवाई हल्ल्याचा भोंगा. आपण वाट बघायची, आणि तिकिटाचं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारीचं, घड्याळ इकडे चालूच.

2024 च्या जुलैत चेर्निहिव्ह प्रांतातल्या एका लहान गावच्या रुग्णालयाचं तिकीट आलं. मजकूर एका ओळीचा: ऊन आहे, पॅनल आहेत, वीज नाही.

ही तक्रार तिथे नेहमीची, आणि दोष कुणा वायरमनचा नसतो. साधा ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडच्या (सार्वजनिक वीजजाळ्याच्या) आधाराने चालणारा, इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःला बंद करून घेतो. खांबावर काम करणाऱ्याला झटका बसू नये म्हणून ते तसंच हवं. 2009 पासून तिथे सौर विजेसारख्या हरित विजेच्या खरेदीचा ठरलेला 'हरित दर' होता, तोही युरोशी बांधलेला, त्यामुळे पॅनल बसवायचे ते वीज विकायला. स्लावुटिच या चेर्नोबिलच्या कामगारांसाठी वसवलेल्या गावात लोकांनी सहकारी संस्था काढून पालिकेच्या इमारतींवर पॅनल लावले, तेही त्याच हिशेबावर. आपल्याकडच्या सहकारवाल्यांना ते गाव आवडेल. पण तेव्हा कुणी विचारलंच नव्हतं की लाइटच नसेल तेव्हा काय? एप्रिल 2024 मध्ये कीव्हजवळचं त्रिपिल्स्का औष्णिक केंद्र क्षेपणास्त्रांनी संपवलं, आणि उन्हाळ्यात देशभर तासातासाचं भारनियमन सुरू झालं.

या रुग्णालयात दोन संच होते. ओपीडीच्या छतावर बिल वाचवण्यासाठी लावलेला जुना ऑन-ग्रिड इन्व्हर्टर, वेगळ्या कंपनीचा, 27 किलोवॅट. शस्त्रक्रियेच्या इमारतीत देणगीतून आलेला आमचा नवा हायब्रिड (ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणारा), 30 किलोवॅट, सोबत बॅटरी. देणगीदारांच्या टेंडरमध्ये किलोवॅट लिहिलेले असतात आणि उद्घाटनाचा फोटो ठरलेला असतो. बॅटरी किती हवी, कुठलं लोड बॅकअपवर घ्यायचं, जुन्या संचाचं काय करायचं, यावर एक ओळ नसते.

तिथले इलेक्ट्रिशियन साठीच्या पुढचे. आम्ही डेस्कवर त्यांना काकाच म्हणतो. काकांनी जुन्या इन्व्हर्टरची केबल थेट आमच्या हायब्रिडच्या बॅकअप बाजूला, म्हणजे लाइट गेल्यावरही वीज देणाऱ्या बाजूला, आणून जोडली होती. कल्पना पक्की. लाइट गेल्यावर हायब्रिड स्वतः 50 हर्ट्झ तयार करतो, जुन्याला वाटतं ग्रिड आहे आणि तो सुरू होतो. बॅटरी भरेपर्यंत सगळं छान. बॅटरी भरली की जादा वीज जाणार कुठे? हायब्रिड मग फ्रिक्वेन्सी चढवत नेतो, म्हणजे जुन्याला हळूहळू माघार घ्यायची खूण. आता नव्या इन्व्हर्टरना ती कळते. या जुन्याला कळत नव्हती. तो 51.5 हर्ट्झला फटकन सुटायचा, थोडं थांबून परत चढायचा, परत सुटायचा. लॉग बघितला तर करवतीचे दात. एका झटक्यात बॅकअपची अख्खी बाजूच ट्रिप झाली आणि डिझेल जनरेटर उठेपर्यंत ऑपरेशन थिएटरात अंधार.

पुस्तकी उत्तर होतं: जुन्याच्या फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा रुंद करा. पण त्या मर्यादा ठरवणारं, देशाच्या नियमांप्रमाणे लावलेलं सेटिंग दुसऱ्या कंपनीच्या पासवर्डखाली, आणि ग्रिड परत आली की तोच रुंद मर्यादांचा संच सार्वजनिक जाळ्यावर. युक्रेनचं जाळं मार्च 2022 पासून युरोपच्या जाळ्याला जोडलेलं आहे. तिथे फ्रिक्वेन्सीशी खेळ कुणी खपवून घेत नाही, आणि ते बरोबरच आहे.

काकांनी रात्री, पॅनल वीज देत नसताना, जुन्या संचाच्या निम्म्या स्ट्रिंगचे (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलच्या माळांचे) कनेक्टर काढून टाकले, म्हणजे जादा वीजच कमी. सेटिंग नाही, पासवर्ड नाही. आमच्या टीममधल्या एमटेकवाल्यांपैकी कुणालाही हे सुचलं नाही. मी इकडून बॅटरीची चार्ज मर्यादा खाली आणली, म्हणजे वर थोडी जागा राहील, आणि हायब्रिडमधला रिकामा रिले (आपोआप चालणारा छोटा स्विच) असा लावला की बॅटरी 75 टक्क्यांवर गेली की तो ओढेल. काकांनी त्यावर कॉन्टॅक्टर, म्हणजे जड लोडचा मोठा स्विच, बसवून धुलाई विभागाचा पाण्याचा हीटर जोडला. जादा वीज गरम पाण्यात. चादरी पूर्वी पहाटे धुवायचे, आता दुपारी एकनंतर, हीटर चालू झाल्यावर. धुलाईवाल्या बाईंनी सुरुवातीला काकांना बरंच ऐकवलं म्हणे. लॉगमधले दात गेले.

माझ्या वरिष्ठांना आधी विचारलं होतं. मेलवर उत्तर: परक्या कंपनीचा इन्व्हर्टर बॅकअपवर असेल तर ती रचना आमच्या पाठबळात बसत नाही. लगेच फोन: "तुला योग्य वाटेल ते कर, फक्त लिहू नकोस." माणूस वाईट नाही. पण असले फोन करणारी माणसं मेलमध्ये कधी सापडत नाहीत. तिकीट बंद करताना ठरलेलं वाक्य टाकणं भाग होतं: 'रचना समर्थित नाही, ग्राहकास कल्पना दिली.' तेच माझ्या डोक्यातून जात नाही. उद्या वॉरंटीत बॅटरीचा एखादा मॉड्यूल गेला, तर दावा नाकारायला आमचे लोक माझंच वाक्य वापरतील. काकांना मी ते समजावलं. त्यांनी अंगठा पाठवला आणि विचारलं, क्ष-किरण मशीनही बॅकअपवर घेऊ का? नाही म्हटलं. एक्सपोजरच्या क्षणी ते जो करंट ओढतं, त्याने सगळंच बसेल.

ऑक्टोबरात काका परत आले. हिवाळ्यात ऊन नावापुरतंच. तेव्हा बॅटरी भरायची ती ग्रिडवरूनच, लाइट असेल त्या तासांत, आणि ते तास रोज बदलतात. आमच्या यंत्रात चार्जिंगच्या वेळा आठवड्यासाठी एकदाच लावता येतात. लाइट आली की लगेच भरायला घ्यायचं, असा साधा पर्याय त्यात द्या, असं मी प्रॉडक्ट टीमला लिहिलं. त्यांनी यादीत घेतलंय, प्राधान्य 'कमी'. तोवर काका आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचं वेळापत्रक पाठवतात आणि मी सकाळी शिफ्टला आलो की पहिल्यांदा त्यांच्या वेळा भरतो.