बशर्री आणि कादिशा दरी : "अर्धा तास" म्हणाले तर दोन तास धरा

आधी महत्त्वाचं सांगते. लेबननमधल्या कादिशा दरीतून वर बशर्री गावात यायला अर्धा तास लागतो असं तुम्हाला कुणीही सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. आम्ही ज्या घरात उतरलो तिथल्या काकांनी अगदी छातीठोकपणे सांगितलं होतं. आम्हाला सव्वादोन तास लागले आणि आम्ही दोघंही दर पावसाळ्यात सह्याद्रीत फिरणारे आहोत, नवखे नाही.

अडचण कुठे आहे तर क्रमात. आपल्याकडे सकाळी ताज्या पायांनी गड चढायचा आणि संध्याकाळी उतरायचं, इथे बरोब्बर उलटं. बशर्री साधारण १४५० मीटरवर दरीच्या कडेलाच बसलंय, म्हणजे सकाळी मस्त गार हवेत उतरायचं, दिवसभर खाली मठ बघत हिंडायचं आणि ऊन डोक्यावर घेऊन, पाणी संपत आलेलं असताना, शेवटची चार-पाचशे मीटरची उभी चढण. सावली नाही. डांबरी रस्त्याची वळणं टाळायला म्हणून आम्ही पायवाट धरली, ती घसरड्या बारीक खडीची, आणि मधेच फुटलेल्या जुन्या पायऱ्या. एका वळणावर मी बसले ती दहा मिनिटं उठलेच नाही. खाली एक टॅक्सीवाला भेटला होता, वर सोडायचे चाळीस डॉलर म्हणाला, अंतर बघता ही सरळ लूट आहे, पण खरं सांगते, परत जाईन तेव्हा सकाळीच भाव ठरवून ठराविक वेळेला गाडी खाली बोलवेन. तुम्हीही तेच करा. माणशी तीन लिटर पाणी, दोन नाही.

पण याच चढणीमुळे हे गाव टिकलं, हे खाली उभं राहून मान वर केली की कळतं. मॅरोनाइट ख्रिश्चन या कड्यांच्या आडोशाला राहिले, गुहांना भिंती घालून मठ केले. दरीतल्या कन्नूबीनच्या मठात १५व्या शतकापासून जवळपास चारशे वर्षं त्यांच्या पॅट्रिआर्कची, म्हणजे धर्मप्रमुखाची, गादी होती, आणि हे चर्च अर्धं कातळातच आहे. भिंतीवरच्या चित्रांपुढे आम्ही दोघंच होतो. शेजारच्या फाट्यातल्या कुझहय्याच्या मठात १६१० साली स्तोत्रांचं पुस्तक छापलं गेलं, एका रकान्यात सिरियाक, म्हणजे त्यांची जुनी धर्मभाषा, आणि दुसऱ्यात सिरियाक लिपीतलंच अरबी. अशा जागी छापखान्याचं सामान कसं आणलं असेल हा विचार चढताना पूर्ण वेळ डोक्यात होता. पलीकडे हदथच्या गुहेत १३व्या शतकातल्या, इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या स्वारीच्या काळातल्या ममी सापडल्या, बायकामुलांच्या, कपड्यांसकट. त्या आता बैरुतच्या राष्ट्रीय संग्रहालयात तळघरात आहेत. आधी त्या बघा, मग दरीत उतरा, दरी वेगळीच दिसते.

गावाच्या वरच्या देवदारांच्या बनातला दिवस छान गेला, सोपा होता, जास्त लिहीत नाही. बनाभोवतीची दगडी भिंत १८७६ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या पैशांतून बांधली, बकऱ्यांपासून रोपं वाचावीत म्हणून.

गावाबद्दल मात्र लिहायलाच हवं. कवी-लेखक खलील जिब्रान इथला, १८८३ चा जन्म, १९३१ मध्ये न्यूयॉर्कला वारला आणि त्याच वर्षी त्याला इथे आणलं. मार सर्किसच्या जुन्या मठात कबर आणि संग्रहालय आहे. त्याने पुस्तकांची रॉयल्टी गावाला लिहून दिली होती, आणि त्या पैशावरून गावातल्या घराण्यांमध्ये वर्षानुवर्षं भांडणं झाली. मला हे ऐकून वाईट वाटलं, पण गाव म्हणजे हेही आलंच. निम्मी घरं बंद दिसली तर गाव मेलं असं समजू नका. हिवाळ्यात बरेच लोक खाली किनाऱ्याकडे राहतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गल्लीत ऑस्ट्रेलियन इंग्रजी ऐकू येतं कारण इथली कितीतरी कुटुंबं सिडनीला आहेत. मत मात्र इथेच, लेबननमध्ये माणूस कुठेही राहो, नाव वाडवडिलांच्या गावच्या यादीत असतं, त्यामुळे नगरपालिकेच्या निवडणुकीला बरेच जण परत येतात.

आमच्या घरातल्या आज्जींनी किश्कची बरणी दाखवली, दही आणि बुलगूर (गव्हाचा उकडलेला रवा) आंबवून वाळवून केलेलं पीठ, बर्फाच्या दिवसांसाठी. अन्न साठवायचं त्यांच्या अंगात भिनलंय. १९१५ ते १८ च्या दुष्काळात टोळधाड, समुद्राची नाकेबंदी आणि तुर्कांनी उचललेलं धान्य यामुळे लेबननच्या डोंगरात साधारण तिसरा हिस्सा माणसं गेली. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतात धान्याऐवजी रेशमासाठी तुती लावलेली होती, तिच्यावर पोट भरत नव्हतं. आज्जींनी पानात काही टाकू दिलं नाही, आणि तुम्हीही टाकू नका.

बाकी कामाचं : लेबननमधल्याच त्रिपोलीहून व्हॅन मिळते, दुपारनंतर तिचा भरवसा धरू नका. डॉलरच न्या, सुट्टे आणि कोरे, २०१९ ला दीड हजारला मिळणारा डॉलर आता नव्वद हजार लेबनीज लिरांच्या आसपास आहे आणि लोक डॉलरमध्येच भाव सांगतात. देवदारांवरून बेका खोऱ्यात उतरणारा घाट हिवाळ्यात बर्फाने बंद असतो, नकाशावर रस्ता दिसला म्हणून निघू नका. निघण्याआधी त्या आठवड्यातली देशाची परिस्थिती नक्की बघा. आणि रविवार गावातच ठेवा. मासमध्ये, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेत, अरबीबरोबर सिरियाक ऐकायला मिळतं, आणि मास संपल्यावर मार साबा चर्चच्या बाहेर पाच मिनिटं थांबलात तर कुणी ना कुणी कॉफीला घरी नेतंच, आम्हाला तिघांनी बोलावलं.