अडीचशे किलोमीटरचा हिशोब: साताऱ्यात चार दिवस, एकटी

नागपूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने साताऱ्याला उतरले आणि रिक्षावाल्याने पहिलाच प्रश्न टाकला, "एकट्याच?" पुढे लॉजवाल्याने, बोटवाल्याने आणि मेणवलीच्या घाटावर धुणं धुणाऱ्या बाईनेही तोच विचारला. वय एकसष्ट, एक गुडघा कामातून गेलेला, गाडी चालवता येत नाही. म्हणून ड्रायव्हरसकट गाडी ठरवली होती. जाता जाता सांगते, सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीच्या बाजूला आहे. रात्री उतरणार असाल तर रिक्षा आधी सांगून ठेवा.

गाडी फोनवरून ठरवली होती. १३ रुपये किलोमीटर, दिवसाला किमान २५० किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता ४००, टोल आणि पार्किंग वेगळं. ऐकायला स्वस्त वाटलं. पहिल्या सकाळी दारात उभी राहिली ती पांढऱ्या नंबरप्लेटची, म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असतात ती भाड्याची गाडी. खासगीत अपघात झाला तर विम्याचं घोंगडं भिजत पडतं. मी बसायला नकार दिला, दीड तास फुकट गेला आणि पिवळ्या पाटीची गाडी आली. तिच्यासोबत जे ड्रायव्हरदादा आले त्यांच्यामुळे तो दीड तास मी माफ केला.

बसण्याआधी मीटरचा फोटो काढला. त्यावर दादाच म्हणाले, "काकू, मीटर हितनं नाय, गॅरेजपासनं धरत्यात." हे फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारून घ्या.

पहिला दिवस लिंब, वाई, मेणवली. लिंबची बारा मोटेची विहीर हायवेपासून आत आहे आणि बहुतेक लोक तिच्या फाट्यावरून सुसाट पुढे जातात. साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी आमराईच्या पाण्यासाठी ती बांधली. विहिरीच्या आतच दगडी महाल आहे. मोटा ओढायच्या जागेवर उभं राहून खाली पाहिलं की दोरांनी दगडावर किती वर्षं काम केलं असेल ते कळतं. कठड्यांचा भरवसा धरू नका, पावसाळ्यात पायऱ्यांना शेवाळ असतं. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट. तिथली मोठी घंटा वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली. वाईत ढोल्या गणपती पाहून जेवलो. दादा वेगळ्या टेबलावर बसायला निघाले, त्यांना समोर बसवलं. भत्ता दिला म्हणजे जेवण त्यांचं त्यांनी बघायचं, हे कागदावर ठीक आहे.

संध्याकाळी मीटर पाहिला: जेमतेम ९० किलोमीटर. पैसे २५० चे.

साताऱ्याचं दुखणं हेच आहे. अंतरं लहान, घाट मोठे, वेळ सगळा जातो आणि किलोमीटर होत नाहीत. तीन दिवसांत मिळून माझी गाडी अडीचशे किलोमीटरही धावली नाही, मी मोजले साडेसातशेचे. पुन्हा जाईन तेव्हा वाईला एसटीने जाईन. गाड्या सारख्या असतात आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. कास आणि ठोसेघरसाठी साताऱ्यातूनच एका फेरीचे ठोक पैसे ठरवीन. किलोमीटरवरची गाडी फक्त लांबच्या दिवसाला.

दुसऱ्या दिवशी मला सातला कासला निघायचं होतं. दादा म्हणाले, "धाला निगू. आत्ता वर नुस्तं धुकं हाय." मी ऐकलं नाही. यवतेश्वरचा घाट चढलो आणि पुढे बोनेटसुद्धा दिसेना. दीड तास गाडीत बसून राहिलो, दादांनी एकदाही "म्हटलं नव्हतं का" असं म्हटलं नाही. मग ऊन पडलं आणि पठारावर गुलाबी तेरडा, मधे पांढरे गेंद, आणि वाकून पाहावी लागणारी इवलीशी निळी सीतेची आसवं. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. फुलांच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग करून जा, शनिवार-रविवार टाळा, आणि फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांना रागवायची तयारी ठेवा. मी दोघांना रागावले.

पुढे बामणोलीला उतरलो. समोर शिवसागर, कोयना धरणाचं पाणी. दादा पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आज्जाचं गाव तितं खाली हाय." मी काही विचारायच्या आत पुढचं वाक्य आलं, "बोटवाला पुरी बोट सांगंल. थांबा जरा, कुणी आलं तर भागीत जावा." एकट्याने जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, बोटीचं भाडं माणशी नसतं. पाऊण तासात पुण्याचं एक कुटुंब आलं, मी त्यांच्यात घुसले. वासोटा किल्ल्याचा विचार असेल तर पावसाळ्यात तो बंद असतो आणि एरवीही वनखात्याची परवानगी लागते.

तिसरा दिवस सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी. गाडी बरीच वर जाते, उरलेल्या पायऱ्या माझ्या गुडघ्याने कुरकुरत चढल्या. समर्थांच्या समाधीचं दर्शन घेऊन दुपारच्या महाप्रसादाला बसले. गाडीवाले तुम्हाला वाटेतल्या हॉटेलात नेतील, त्याऐवजी इथे जेवा. ठोसेघरचा धबधबा जोरात होता. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांखाली वारा असा की गाडीचं दार उघडताना हाताने धरून ठेवावं लागलं.

चौथ्या दिवशी औंधमार्गे सांगली, आणि खरं सांगायचं तर गाडीचे पैसे याच दिवशी वसूल झाले. यमाईच्या डोंगरावरचं श्री भवानी संग्रहालय भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभं केलं. रविवर्म्याची चित्रं बघायला लोक जातात. मी मात्र हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या छोट्या 'आई आणि मूल' शिल्पासमोर जास्त वेळ उभी राहिले, कारण औंधात हेन्री मूर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. सुट्टीचा वार आधी विचारून जा. तासगावात पटवर्धनांच्या गणपतीचं दाक्षिणात्य धाटणीचं सात मजली गोपुर पाहिलं आणि बेदाणे घेतले. दादांनी नेलेल्या दुकानातले नाही, त्याच्या शेजारच्यातले. दादा हसले, मीही.

सांगलीत लॉजच्या दारात हिशोब झाला. माणसाला एका बाजूलाच सोडलं तरी परतीचं भाडं लागतं, ते मी धरलंच होतं. एवढ्यात दादांना फोन आला. मिरजेच्या दवाखान्यातून एका पेशंटला कराडला सोडायचं होतं. फोन ठेवून त्यांनी परतीच्या आकड्यावर काट मारली आणि निम्मा लिहिला. "रिकामी जात न्हाय आता गाडी," म्हणाले, आणि उरलेल्या पैशांची पावती फाडून हातात दिली.