आईचं बोट आणि चार सेकंद

आईला बहुतेक नंबर पाठ आहेत, तरी फोन लावताना ती आप्पांची निळी डायरी उघडतेच. डावं बोट डायरीतल्या आकड्यावर, उजवं बटणावर. एक आकडा दाबायचा, मान खाली घालायची, पुढचा शोधायचा, चष्मा सारखा करायचा, मग दाबायचा. दोन आकड्यांमध्ये पाच-सहा सेकंद सहज जातात. तांब्याच्या तारेवर हे वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललं.

मग बेळगावच्या खासबागेतल्या आमच्या गल्लीत फायबर आलं आणि जुनी लाईन गेली. नव्या कनेक्शनबरोबर फोनसाठी एसआयपीचं, म्हणजे इंटरनेटवरून फोन लावायच्या पद्धतीचं, युजरनेम आणि पासवर्ड मिळाला. बटणांचा जुना फोन टाकायला आई तयार नव्हती, म्हणून मी ग्रँडस्ट्रीमचा एचटी ८०१ मागवला. जुना फोन इंटरनेटला जोडणारा, तळहातावर मावेल एवढा डबा. एका बाजूला राउटरची वायर, दुसऱ्या बाजूला फोनची. डायल टोन आला, मी खूश होऊन उद्यमबागेत फाउंड्रीच्या शिफ्टला गेलो. दुपारी आईचा मोबाईलवरून फोन : "लागुलालाच नाही गा. मधेच कानडी बाई बोलते, नंबर चुकलाय म्हणून."

हँडसेट उचलून तीनदा स्टार आणि मग ०२ दाबलं की हा डबा आपला आयपी पत्ता इंग्रजीत वाचून दाखवतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की सेटिंग उघडतं. त्यात डायल प्लॅन नावाची, म्हणजे कोणता नंबर कसा लावायचा याच्या नियमांची, एकच लांबलचक ओळ असते, महिरपी कंसात, आणि वेगळ्या रकान्यात किती सेकंद थांबायचं तो आकडा. कंपनीकडून येताना दोन्हींचा मिळून अर्थ साधारण असा असतो : काहीही दाबा, कितीही दाबा, चार सेकंद शांतता झाली की जेवढे आकडे आले तेवढे पुढे पाठव. म्हणजे आई पुढचा आकडा शोधत असतानाच डबा अर्धवट नंबर घेऊन पळालेला असायचा.

मी चारचे बारा सेकंद केले. आईचं काम झालं, पण आता लेक ओरडायला लागली. ती मैत्रिणीचा नंबर तीन सेकंदांत दाबते आणि पुढे बारा सेकंद कानात नुसती शांतता. "बाबा, फोन मेलाय." शेवटी हॅश दाबला की लगेच जातो, हे दोघींना सांगून पाहिलं. दोघींनीही ऐकलं नाही.

उपाय एकच होता. नंबर कुठे संपतो ते डब्याला आधीच सांगून ठेवायचं, म्हणजे शेवटचा आकडा पडताच तो फोन लावेल आणि मधल्या वेळेत आईसाठी बारा सेकंद थांबेल. आपल्याकडे हे सोपं आहे, कारण शून्यानंतर नेहमी दहाच आकडे येतात. बेळगावचे ८३१ आणि पुढे सात, चंदगडचे २३२० आणि पुढे सहा, पुण्याचे २० आणि पुढे आठ. एस.टी.डी. कोड जेवढा लांब, तेवढा घरचा नंबर आखूड. शून्य आणि दहा आकडे, एका नियमात सगळा देश बसला.

पण आई शून्य लावत नाही. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन करताना आधी शून्य लावावं लागतं, डायरी मात्र त्याच्या कितीतरी आधीची. म्हणून दुसरा नियम : ६ ते ९ पैकी कशानेही सुरू होणारे दहा आकडे आले तर आधी शून्य तू जोड. कोनी कंसात बरोबरचं चिन्ह आणि शून्य, एवढंच लिहायचं. तिसरा नियम गावातल्या फोनांसाठी : २ ने सुरू होणारे सात आकडे आले की आधी ०८३१.

इथेच फसलो. चंदगडच्या मावशीचं घर तिलारीच्या बाजूला डोंगरात, मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे तिच्याकडे लँडलाईन आहे. आईने शून्याशिवाय २३२० दाबलं, पुढचे तीन आकडे दाबले, आणि डब्याने हिशेब केला : दोनाने सुरू, सात आकडे झाले, म्हणजे बेळगावच! फोन हद्द ओलांडायच्या आत ०८३१ लावून गावातच वळवला. पुन्हा तीच कानडी बाई. आईला कानडी उत्तम येतं, तिने त्या रेकॉर्डिंगला दोन वाक्यं सुनावलीसुद्धा. हद्दीच्या अलीकडचे, कर्नाटकातले कोड आठाने सुरू होतात आणि पलीकडचे, चंदगड-कोल्हापूरकडचे दोनाने, हे लहानपणापासून माहीत असून नियम लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. आता गावातला नियम फक्त २४ ने सुरू होणाऱ्यांपुरता आहे, कारण डायरीतले बेळगावचे सगळे नंबर तसेच आहेत. २३२० आणि कोल्हापूरच्या २३१ ला वेगळा नियम दिलाय, दहा आकडे पुरे झाले की शून्य जोडायचा.

मग एका पावसात लाईट गेली. राउटर आणि डबा इन्व्हर्टरवर चालू होते. आईने १९१२ दाबला आणि नुसती टीं-टीं. मला मोबाईलवर : "तुझा डबा लाईटवाल्यांना लावू देईना." ठरलेल्या नियमात न बसणारा नंबर तो बाहेरच सोडत नाही. त्या रात्री १९१२, १०८ आणि ११२ घातले. ११२ पहिल्याच दिवशी घालायला हवा होता, त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

शेवटी डायरीतले ९५ वाले नंबर उरले. मधली काही वर्षं राज्यातल्या राज्यात एस.टी.डी. करताना शून्याऐवजी ९५ लावायचे, आठवत असेल. आप्पांनी खानापूरचे नातेवाईक ९५८३३६ असेच लिहून ठेवलेत. मी हौसेने लिहिलं : ९५ आणि पुढे दहा आकडे आले तर ९५ काढून शून्य लाव. झालं, ९५ ने सुरू होणारा प्रत्येक मोबाईल बारा सेकंद अडकायला लागला, कारण दहा आकड्यांवर थांबायचं की बारा होईपर्यंत वाट बघायची हे डब्याला कळेना. नियम ९५८३३६ पुरता आवळला तेव्हा सुटलं.

त्याचा उपयोग आजवर एकदाच झालाय. आईने खानापूरचा नंबर डायरीत आहे तसाच, बाराही आकडे दाबून लावला. रिंग गेली, बराच वेळ वाजली, कुणी उचलला नाही.

"शेताकडे गेली असतील," आई म्हणाली. "राहू दे तो नियम."