डीव्हीडीच्या रिमोटने काढलेला दयाळ

दर उन्हाळ्यात आई गॅलरीच्या कठड्यावर मातीच्या परळात पाणी भरून ठेवते. बुलबुल येतात, साळुंक्या येऊन अर्धं पाणी सांडून जातात, आणि यंदा मार्चपासून एक दयाळ यायला लागला. नर, काळाकुळकुळीत आणि पंखावर पांढरा पट्टा, शेपटी उभी करून कठड्यावर असा बसायचा की सोसायटीचा मेंटेनन्स वसूल करायला आलाय. त्याचा फोटो काढायचा असं मी ठरवलं आणि पुढचे दीड महिने त्यातच गेले.

माझ्याकडे निकॉनचा डी९० आहे, २००८ सालचं मॉडेल, सोबत मिळाली ती १८-१०५ मिलिमीटरची लेन्स. या लेन्सने पक्षी काढायचा म्हणजे कॅमेरा परळापासून चार-पाच फुटांवर पाहिजे, आणि मी तिथे उभा राहिलो की दयाळ येणार नाही हे उघड आहे. मग कॅमेरा ट्रायपॉडवर बाहेर, मी काचेच्या सरकत्या दाराच्या आत, आणि हातात रिमोट. प्लॅन सोपा होता, फक्त रिमोट नव्हता. एमएल-एल३ नावाचा तो रिमोट बोटाएवढा, एकच बटण, आत सीआर२०२५ चा चपटा सेल, म्हणजे हरवण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू, आणि माझा दोन दिवाळ्यांपूर्वीच हरवला होता.

नवीन घेता आला असता की, घरच्यांनी दहा वेळा सांगितलं. पण मी ड्रॉवर उघडला तर आत सात रिमोट. टीव्हीचा, सेटटॉप बॉक्सचा, एसीचा, नव्या पंख्याचा, बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेयरचा, आणि दोन कसले ते कोणालाच आठवत नाही. सगळे इन्फ्रारेड, कॅमेऱ्याचाही इन्फ्रारेड, मग यातल्या एकानेही कॅमेरा का चालू नये, असं डोक्यात आलं आणि ते निघेना.

आधी नुसतं कॅमेऱ्यावर रोखून एकेक बटण दाबून बघितलं. काहीच झालं नाही, होणारच नव्हतं. सगळ्यांचा प्रकाश जवळपास सारखाच असतो, ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा, आपल्याला न दिसणारा. (मोबाइलचा सेल्फी कॅमेरा रिमोटसमोर धरून बटण दाबा, जांभळट लुकलुक दिसेल, रिमोट चालू आहे की सेल संपलाय हे बघायची तीच सोपी पद्धत. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, तिथे फिल्टर असतो.) फरक असतो तो लुकलुकण्याच्या तालात. बऱ्याच टीव्ही-डीव्हीडीच्या रिमोटमध्ये एनईसी नावाची पद्धत असते, सुरुवातीला ९ मिलिसेकंद प्रकाश, ४.५ मिलिसेकंद गप्प, आणि मग ३२ बिट. एसीचा रिमोट तर प्रत्येक वेळी तापमान, मोड, पंख्याचा स्पीड सगळं एका दमात पाठवतो, म्हणून त्याच्या स्क्रीनवर एक आणि एसीवर भलतंच असा घोळ होतो.

निकॉनचा संदेश त्यामानाने अगदी छोटा आहे. ३८.४ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ३८,४०० वेळा लुकलुकणारा, २ मिलिसेकंद प्रकाश, मग जवळजवळ २८ मिलिसेकंद काहीच नाही, मग ०.४ चा एक ठोका, १.६ गप्प, परत ०.४, ३.६ गप्प, परत ०.४. मग ६३ मिलिसेकंद थांबून हेच सगळं पुन्हा एकदा. बस. यात ना कॅमेऱ्याचा नंबर ना कसला पासवर्ड, त्यामुळे दोन निकॉनवाले शेजारी शेजारी रिमोट मोडमध्ये उभे असतील तर एकाच्या बटणावर दोघांचे फोटो निघतात. कॅननचं तर याहून थोडक्यात आहे, १६-१६ पल्सचे दोन ठोके आणि मध्ये ७.३३ मिलिसेकंद, तेच अंतर ५.३६ केलं की दोन सेकंदांनी शटर पडतं. अर्थात कॅमेऱ्याला इन्फ्रारेड पकडणारा डोळा पाहिजे, कॅननच्या १२००डी सारख्या मॉडेलला तो नाहीच, तिथे वायरचाच रिमोट लागतो, एवढं आधी बघून घ्या.

तर पहिला उमेदवार सेटटॉप बॉक्सचा रिमोट. केबलवाल्यांच्या रिमोटवर वरच्या बाजूला चौकट करून चार-पाच बटणं वेगळी असतात ना, टीव्हीचा पॉवर, आवाज वगैरे, ती शिकवता येतात. सेट दाबून धरायचं, लाल दिवा लागला की एक बटण दाबायचं आणि मूळ रिमोट समोर धरून त्याचं बटण दाबायचं, की झालं शिकून. मित्राकडे निकॉनचाच डी७००० आहे, त्याचा एमएल-एल३ एका संध्याकाळसाठी मागून आणला. शिकवला. दिवा लुकलुकला, म्हणजे शिकला म्हणे. कॅमेऱ्यावर रोखला तर ढिम्म. पाच-सहा वेळा केलं, सेल बदलले, खोलीतला सीएफएल बंद केला (त्यानेही इन्फ्रारेडमध्ये गडबड होते), तरी ढिम्म. कारण माझ्या मते ती २८ मिलिसेकंदांची शांतता. टीव्हीच्या एका संदेशात एवढा मोठा गॅप नसतो, त्यामुळे आमच्या रिमोटला वाटलं असणार की पहिल्या ठोक्यातच बोलणं संपलं, आणि तो तेवढंच पाठ करून बसला. आमच्या शेजारच्या काकांशी बोलताना मध्ये श्वास घ्यायची सोय नाही, तसंच हे.

मग लक्षात आलं की बहिणीच्या रेडमीला वर इन्फ्रारेडचा दिवा आहे. त्यातल्या एमआय रिमोट अ‍ॅपमध्ये टीव्ही, एसी, पंखा यांच्या रांगेत चक्क कॅमेरा पण आहे. निकॉन निवडलं, बटण दाबलं, खट्! शटर पडलं. मी हॉलमध्ये ओरडलोच. ज्याला फक्त फॅमिली फोटोसाठी पाहिजे त्याने इथेच वाचणं थांबवलं तरी चालेल, खरंच, असा फोन घरात असेल तर काम झालं. एकच बघा, ऑटोफोकसवर असताना फोकस लागला नाही तर क्लिक होतच नाही आणि आपण रिमोटला शिव्या देत बसतो, म्हणून आधी फोकस करून मग तो मॅन्युअलवर टाकायचा.

माझी अडचण वेगळीच निघाली. डी९० चा डोळा फक्त पुढच्या बाजूला आहे. फॅमिली फोटोत आपण कॅमेऱ्यासमोरच असतो म्हणून ते बरोबर, पण इथे समोर दयाळ आणि मी मागे काचेच्या आत. साधी काच इन्फ्रारेडला अडवत नाही, पण कॅमेऱ्याची पाठ अडवते. मग स्वयंपाकघरातून पोह्याची स्टीलची डिश आणली आणि परळाच्या बाजूला तिरकी टेकवून ठेवली, म्हणजे फोनचा प्रकाश डिशवर आपटून कॅमेऱ्याच्या डोळ्यात. आणि हे चाललं! दहातले आठ क्लिक बरोबर बसले. फक्त त्या चकचकीत डिशला घाबरून दयाळ दोन दिवस फिरकला नाही, आणि आईने डिश उचलून घासायला टाकली.

तेव्हा सुचलं की कॅमेऱ्याला टीव्हीची भाषा येत नाही आणि टीव्हीच्या रिमोटला कॅमेऱ्याची, तर मध्ये एक दुभाष्या बसवू. ऐकणार मागच्या बाजूने, बोलणार पुढच्या बाजूने. शनिवारी पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आजूबाजूच्या दुकानांत गेलो आणि टीएसओपी१७३८, दोन इन्फ्रारेड एलईडी आणि २२० ओहमचे रेझिस्टर घेऊन आलो. दुकानदाराने मान वर न करता पुडी बांधून दिली. अर्डुइनो नॅनो, म्हणजे आपला प्रोग्राम टाकून चालवता येतो असा छोटा सर्किट बोर्ड, घरात पडून होताच. टीएसओपी म्हणजे टीव्हीत असतो तोच तीन पायांचा काळा रिसीव्हर, तो नॅनोच्या एका पिनला, एलईडी रेझिस्टरमधून दुसऱ्या पिनला, आणि एलईडीचं टोक काळ्या चिकटपट्टीने थेट कॅमेऱ्याच्या डोळ्यासमोर चिकटवलं. अंतरच नाही म्हटल्यावर ताकदही नको.

प्रोग्राम दहा मिनिटांचा वाटला आणि त्यात दोन रात्री गेल्या. एलईडी १३ मायक्रोसेकंद चालू, १३ बंद, असं केलं की ३८ किलोहर्ट्झच्या आसपास येतं (पिन चालू-बंद करणाऱ्या डिजिटलराइट या कमांडलाच तीन-चार मायक्रोसेकंद लागतात, म्हणून १३ च्या जागी ९ लिहायचे). ते जमलं, सेल्फी कॅमेऱ्यात लुकलुकही दिसत होती, पण शटर पडेना. मित्राचा रिमोट अजून परत दिला नव्हता, त्याचा सिग्नल टीएसओपीने वाचला आणि माझा वाचला, आकडे शेजारी शेजारी मांडले, तर माझी २८ मिलिसेकंदांची शांतता भलतीच छोटी येत होती. परत तीच शांतता! मी थांबायला सांगणाऱ्या डिलेमायक्रोसेकंड्स या फंक्शनमध्ये २७८३० लिहिलं होतं आणि नॅनोवर ते फंक्शन १६३८३ पर्यंतच नीट चालतं, अर्डुइनोच्याच माहितीत स्पष्ट लिहिलंय, वाचतं कोण. २७ मिलिसेकंदांचा साधा डिले आणि वर ८३० मायक्रोसेकंद असे तुकडे केले, आणि रात्री पावणेदोनला कॅमेरा खट् म्हणाला. आतल्या खोलीतून बाबांनी विचारलं काय पडलं रे.

रविवारी सकाळी सगळं गॅलरीत मांडलं. आधी पॉवर बँकेवर लावलं होतं, पण नॅनो इतकं कमी खातो की पॉवर बँकेला वाटतं काही लावलेलंच नाही आणि ती अर्ध्या मिनिटात झोपते, म्हणून ९ व्होल्टची बॅटरी. व्ह्यूफाइंडरवर झाकण, नाहीतर मागून उजेड शिरून एक्स्पोजर बिघडतं. कॅमेरा क्विक रिस्पॉन्स रिमोटवर, म्हणजे बटण दाबताच फोटो, आणि वाट बघायची मुदत मेन्यूतून १५ मिनिटांवर, त्याहून जास्त देता येत नाही, तेवढ्या वेळात क्लिक झालं नाही तर तो आपोआप नेहमीच्या मोडवर जातो. दयाळ साधारण सतराव्या मिनिटाला यायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कार्ड बघितलं तर ४३ फोटो, सगळे रिकाम्या परळाचे. मी जेमतेम सहा वेळा बटण दाबलं होतं. दोन मिनिटं काही कळेना, मग ट्यूब पेटली. प्रोग्राममध्ये मी एवढंच लिहिलं होतं की टीएसओपीला काहीही ऐकू आलं की शटर पाड. आणि गॅलरीला लागूनच हॉल, हॉलमध्ये आई, आईच्या हातात रिमोट. जाहिरात लागली की चॅनल बदल, परत आण, आवाज वाढव, प्रत्येक वेळी तो प्रकाश भिंतीवरून उडून काचेतून बाहेर येत होता आणि माझा दुभाष्या इमानदारीत भाषांतर करत होता. फोटोंच्या वेळा बघून जाहिराती किती वाजता लागल्या तेही सांगता आलं असतं.

मग केन शिरिफ यांची आयआररिमोट लायब्ररी, म्हणजे रिमोटचे संदेश वाचणारा तयार प्रोग्राम, टाकली, तिच्यात बटणाचा कोड ओळखता येतो. घरात कोणी हात लावत नाही असा रिमोट कोणता, तर मेलेल्या डीव्हीडी प्लेयरचा. त्यातलं डिस्क बाहेर काढायचं बटण निवडलं, फक्त त्याच कोडला दाद द्यायची, बाकी कोणी कितीही ओरडलं तरी नाही. चारनंतर आमच्या गॅलरीत ऊन येतं आणि त्या उन्हात टीएसओपी बहिरा होतो, त्यावर काळ्या चार्टपेपरची नळी करून बसवली. त्यानंतर एकही फुकट क्लिक नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दयाळ आला. मी सोफ्याच्या मागे गुडघ्यावर बसून, हातात डीव्हीडीचा रिमोट. आधी कठड्यावर बसला, कॅमेऱ्याकडे बघितलं, शेपटी वर केली, मग परळाच्या काठावर उतरला आणि मान वाकवून चोच पाण्यात घातली. डिस्क काढायचं बटण दाबलं. आवाजाने तो दचकून उडाला, पण फोटो आला होता, चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंबसुद्धा शार्प.

आईला लॅपटॉपवर मोठा करून दाखवला. तिने चष्मा लावून नीट बघितला आणि म्हणाली, "शी, परळात किती शेवाळं धरलंय रे, तो बिचारा हे पितोय?" आणि परळ घासायला घेऊन गेली.