फुटपाथ मागायला गेले आणि नियमावली वाचत बसले

शहराच्या मध्यभागासाठी नेमलेल्या नागरिक समितीत मी गेले, ते एकच मागणं घेऊन: फुटपाथ रुंद करा. पहिल्याच बैठकीत नगररचनाकार बाईंनी जाडजूड नियमावली माझ्यापुढे सरकवली. म्हणाल्या, "आधी पार्किंगचं प्रकरण वाचा, मग फुटपाथचं बोलू."

मला ती टाळाटाळ वाटली. घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की बाईंचं बरोबर होतं. इमारतीपुढे सामासिक अंतर (म्हणजे रस्ता आणि इमारत यांमधली मोकळी जागा) सोडायचं आणि प्रत्येक भूखंडाने आपापलं पार्किंग द्यायचं, ही दोन कलमं एकत्र आली की पार्किंग आपसूक दर्शनी बाजूला येतं. तिथे गाडी जायला रॅम्प लागतो आणि तो रॅम्प फुटपाथ कापूनच जातो. एका रविवारी मी टेप घेऊन मोजलं. नव्वद मीटरच्या पट्ट्यात सात रॅम्प होते. रुंदी पुरेशी होती, पण दर काही पावलांवर उतरायचं, गाडी बघायची, पुन्हा चढायचं. गुडघे दुखणारं माणूस अशा रस्त्यावर दुसऱ्यांदा येत नाही.

पार्किंगचा हिशोबही तेव्हाच नीट लक्षात आला. एका गाडीला उभं राहायला साधारण १२.५ चौरस मीटर पुरतात, पण आत-बाहेर करायची वाट धरली की २५ ते ३० लागतात. ५० चौरस मीटरच्या दुकानाकडे दोन गाड्यांची जागा मागितली, तर दुकानाएवढीच जमीन गाड्यांना जाते.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण मुख्य चौकातच होतं. रस्त्याला लागून असलेली जुनी दुमजली इमारत, खालचं शटर कित्येक वर्षं बंद, कुलपावर गंज चढलेला. मालकांना भेटलो तर ते म्हणाले, "मॅडम, गोदामाचं दुकान करायला गेलो की वापरबदल होतो. वापरबदल झाला की नवे नियम लागतात, सहा गाड्यांची जागा दाखवा म्हणतात. इमारत पाडल्याशिवाय ती आणू कुठून?" लोकांना चालत यावंसं वाटेल अशी दुकानं ज्या इमारतींत निघू शकली असती, त्यांनाच नियम कुलूप लावत होता. त्या दिवसापासून माझं मागणं बदललं.

नियमावलीत दुरुस्ती करायच्या मसुद्यात आम्ही मध्यवर्ती भागापुरती किमान पार्किंगची अट काढली. पुढचं सामासिक अंतर कमी केलं, तळमजल्यावर दुकानं आणि वर घरं असा मिश्र वापर मान्य केला, रस्त्याकडे दार ठेवणं बंधनकारक केलं. जुन्या इमारतींना वापरबदलात पार्किंगमधून सूट दिली. हे एक वाक्य लिहायला तीन बैठका गेल्या, कारण "जुनी" म्हणजे कधीची यावरच अडत होतं.

विरोध होणार हे दिसत होतं. कोपनहेगनचा स्ट्रॉयेट रस्ता १९६२ मध्ये गाड्यांना बंद केला, तेव्हा तिथले दुकानदारही घाबरले होते. अमेरिकेतल्या बफेलोने २०१७ मध्ये शहरभर किमान पार्किंगची अट काढली, हेही आम्ही सभेत सांगितलं. पण दूरच्या शहरांनी कुणाचं समाधान होत नाही, आणि ते व्हावं अशी अपेक्षाही चुकीची आहे. मागच्या गल्लीतल्या रहिवाशांचा प्रश्न रास्त होता: गाड्या आमच्या दारात लागतील, त्याचं काय? त्यावरून कार्यालयांची वाहनतळं संध्याकाळी सगळ्यांना खुली करण्याचं कलम आलं. ते मूळ मसुद्यात असायला हवं होतं.

मसुद्यावर लोकांच्या हरकती मागवणाऱ्या सूचनेसोबत चुकून जुना नकाशा जोडला गेला आणि सगळी मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागली. त्याचा मला फार राग आला. पण त्या वाढीव मुदतीतच एका अंध गृहस्थांची हरकत आली. दुकानांपुढे बाकं, कुंड्या ठेवायला आम्ही मोकळी परवानगी दिली होती. ते सुनावणीला येऊन शांतपणे म्हणाले, "तुमची कुंडी रोज जागा बदलेल. मी रोज रस्ता नव्याने शिकू का?" सभागृहात कुणी काही बोललं नाही. मग कलम बदललं: किमान १.८ मीटरची अखंड, सरळ वाट मोकळी राहिलीच पाहिजे, बाकं-कुंड्या तिच्या बाहेर. एवढ्या रुंदीत समोरासमोर आलेल्या दोन व्हीलचेअरही निघून जातात. माझ्या मते सगळ्या दुरुस्तीतलं हे सर्वांत मोलाचं वाक्य आहे, आणि ते समितीतल्या कुणालाही सुचलं नव्हतं.

मंजुरीनंतर पहिला अर्ज त्या चौकातल्या मालकांचाच आला. नकाशात खाली दोन दारं, दोन्ही रस्त्याकडे. नव्वद मीटरमधले सात रॅम्प मात्र अजून तसेच आहेत. ती ती इमारत नव्याने बांधली जाईल तेव्हाच तिथला रॅम्प जाईल. पुढच्या महिन्यात त्यांतल्या दोन शेजाऱ्यांची बैठक आहे, दोघांसाठी मिळून एकच प्रवेश ठेवता येईल का ते बघायला. टेप मी बरोबर नेणार आहे.