गढूळ पाण्यातला तळ

विमानातून लेझर सोडून किनारा आणि उथळ तळ एका फेरीत मोजता येतो, हे खरं. पण ते स्वच्छ पाण्यात. धरमतरच्या खाडीत प्रकाश खालपर्यंत पोचतच नाही, तिथे आवाजच कामाला येतो.

मल्टीबीम सोनार बोटीखालून पंख्यासारखे ध्वनिकिरण सोडतो; प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून खोली निघते. समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. क्षारता किंवा तापमान बदललं की तोही बदलतो. पावसाळ्यानंतर वर गोडं पाणी, खाली खारं; किरण वाकतात आणि सपाट तळ पडद्यावर कडांना उचललेला दिसतो. म्हणून ध्वनिवेग मोजणारा प्रोब पुन्हापुन्हा खाली सोडायचा. भयंकर कंटाळवाणं काम! पण ते टाळून केलेल्या नकाशावर मी तरी होडी हाकणार नाही.

साइडस्कॅन म्हणजे दोन्ही बाजूंना आवाज सोडून तळाचं चित्र काढणारा सोनार. त्यात मजा सावल्यांची: वस्तूमागे आवाज पोचत नाही, तिथे सावली पडते. सावलीच्या लांबीवरून वस्तूची उंची काढतात. परवा एक बारीक, लांब सावली दिसली. आम्ही तर्क लढवत होतो, तेवढ्यात तांडेल मागून डोकावले, “सायेब, डोलीचा खुंट हाय तो.”

डोल जाळं बांधायला रोवलेला खुंटच होता. नकाशात टाकला.